पाणी सर्वांचे, जागा आजच्यापुरती

माझा धाकटा भाऊ अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात राहतो. कॉम्प्युटरची नोकरी करतो, पाच वेळची नमाज सांभाळतो आणि हिवाळ्यात सुटीच्या दिवशी बदकांच्या शिकारीला जातो. यातली शेवटची गोष्ट ऐकली की आमच्या मोहल्ल्यातल्या बायका हातातले काम थांबवतात. "बंदूक घेऊन? आणि पोलीस काही म्हणत नाहीत?"

आपल्याकडे पोलीस म्हणतील, आणि म्हणायलाच हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. आमच्या दादाजानकडे लायसन्सची बंदूक होती, थंडीत तळ्यावरून मुर्गाबी घरी यायची, हे आम्ही भावंडांनी फक्त ऐकले आहे. उर्दूत रानबदकाला मुर्गाबी म्हणतात. मुर्ग म्हणजे पक्षी आणि आब म्हणजे पाणी. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना अशी फोड करून सांगते.

अमेरिकेत ही शिकार कायद्याने चालते, आणि कायदा कडक आहे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी तिथे १९१८ सालचा कायदा आहे. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे भरता येत नाहीत. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिली गोळी आणि सूर्यास्ताला शेवटची. अनेक सरकारी क्षेत्रांत तर दुपारी बारालाच बंद. धान्य टाकून बदकांना बोलवायचे नाही, चालत्या मोटरबोटीतून मारायचे नाही. शिशाचे छरे पाण्यात पडून पक्ष्यांना विषबाधा होते म्हणून १९९१ पासून बदकांसाठी ते देशभर बंद आहेत. भावाच्या भागात एका माणसाला दिवसाला सहा बदके; त्यांत नीलसर चारपेक्षा जास्त नकोत आणि त्या चारांतही माद्या दोनच. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक शिकाऱ्याला दरवर्षी सरकारी 'बदक तिकीट' घ्यावे लागते. १९३४ साली ते एका डॉलरला होते, आता पंचवीस डॉलरला आहे. त्याचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमिनी विकत घेऊन राखण्यात जातो.

इतके सगळे मोजणाऱ्या कायद्याने बहुतेक ठिकाणी एक गोष्ट मात्र मोजून दिलेली नाही. दोन शिकाऱ्यांनी एकमेकांपासून किती लांब बसायचे? आधी कोण आला हे कुणी ठरवायचे? तिथे माणसांची रीतच कामाला येते, आणि भांडणेही तिथेच होतात.

आर्कान्सा हा भाताचा मुलूख आहे. कापणीनंतर शेतांत पाणी साचते आणि नदीकाठची जंगले हिवाळ्यात गुडघा-कमरेइतक्या पाण्याखाली जातात. उत्तरेकडून, कॅनडाच्या बाजूने आलेली बदके तिथे उतरतात. स्टुटगार्ट नावाच्या तिथल्या एका लहान गावात १९३६ पासून बदकाचा आवाज काढण्याची जागतिक स्पर्धा भरते! ज्याची स्वतःची जमीन आहे किंवा ज्याच्याकडे क्लबचे पैसे आहेत, तो आपल्या हद्दीत बसतो. बाकीचे सगळे सरकारी पाण्यावर येतात. बायो मीटो नावाचे असे एक क्षेत्र सुमारे ३३ हजार एकरांचे आहे, आणि मोसमात तेही अपुरे पडते. होड्या आत सोडण्याची वेळ झाली की काळोखात मोटरींची शर्यत लागते. भाऊ म्हणतो, "आपा, सकाळची लोकल बघितलीय ना? तीच, फक्त पाण्यावर."

या पाण्यावरच्या रिवाजांची यादी त्यानेच मला सांगितली. होडी उतरवण्याच्या उतारावर सामान लावत बसायचे नाही; ते आधीच लावून यायचे आणि वाट मोकळी करायची. काळोखात जाताना समोरून कुणी बॅटरी दोन-तीनदा दाखवली तर ती जागा भरलेली आहे, निमूटपणे वळायचे. शेजारी इतका लांब हवा की तो आपल्या पक्ष्यांच्या आड येऊ नये. बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरते, म्हणून ते कुठल्या बाजूने येणार हे ठाऊक असते. ती वाट अडवून बसणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणे. शेजाऱ्याने मांडलेल्या नकली बदकांवर पक्षी घिरट्या घालत असतील तर आपली बंदूक खाली. साधारण चाळीस पावलांपलीकडच्या उंच पक्ष्यावर गोळी झाडायची नाही. तो मरत नाही, छरे अंगात घेऊन लांब कुठेतरी तडफडतो, आणि बाकीचे पक्षी बिथरून सगळ्यांचीच सकाळ वाया जाते. एकाच पक्ष्यावर दोघांनी गोळी झाडली तर "तुमचा" म्हणून मोकळे व्हायचे. निघताना रिकामी काडतुसे वेचून घ्यायची.

हे ऐकताना मला हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांची आठवण झाली. शिकारीबद्दल त्यांनी प्रेषितांना (स.) अनेक प्रश्न विचारले होते. आपल्या कुत्र्याबरोबर दुसऱ्याचा कुत्रा दिसला तर? तीर लागलेली शिकार पाण्यात पडलेली सापडली तर? दोन्हींचे उत्तर एकच होते, ते खाऊ नका. कारण शिकार कुणाच्या कुत्र्याने मारली, तीर लागून मेली की बुडून, हे तुम्हाला ठाऊक नाही. बंदुकीने मेलेल्या पक्ष्याविषयी उलेमांत मतभेद आहेत आणि ते ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. भाऊ जिवंत हाती आलेला पक्षी बिस्मिल्लाह म्हणून जबह करतो. पण मला त्या उत्तरांतला अदब मोठा वाटला. जिथे आपला हक्क संशयात आहे, तिथे हात मागे घ्यायचा.

आणि जिथे हक्काबद्दल काहीच संशय नाही तिथे? गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी, म्हणजे तिथे शनिवारची रात्र असताना, माझ्या भाच्याने मला हेच विचारले.

भाचा म्हणजे या भावाचाच मुलगा. सतरा वर्षांचा आहे, जन्म तिथलाच. त्या दिवशी ते दोघे पहाटे साडेचारला एका सरकारी पाण्यावर पोहोचले होते. झाडांमधल्या मोकळ्या पाण्यात नकली बदके मांडली, होडीतच ईशान्येकडे तोंड करून फजर अदा केली आणि वाट पाहत बसले. उजाडायच्या आधी दुसरी होडी आली. भाच्याने बॅटरी दाखवली, तरी ती होडी थांबली ती साठ-सत्तर पावलांवर, नेमकी पक्षी येण्याच्या बाजूला. आत तिघे होते. पहिला थवा यांच्या डोक्यावर फिरू लागताच तिघांनी गोळ्या झाडल्या आणि थवा उडून गेला. दुसऱ्या थव्याच्या वेळी तेच. भाऊ आपली बंदूक होडीत ठेवून, रिकाम्या हातांनी पाण्यातून चालत त्यांच्याकडे गेला. आम्ही आधी आलो आहोत, थोडे पुढे सरकाल का, इतकेच विचारले. उत्तर मिळाले, "पाणी सरकारचे आहे, तुझ्या बापाचे नाही." मग एकजण म्हणाला, "तुम्ही इथले नाही, आधी इथली रीत शिका."

भाऊ परतला. दोन्ही बंदुकांतली काडतुसे काढली, नकली बदके गोळा केली आणि होडी फिरवली.

भाचा मोबाईलवर माझ्याशी बोलत होता तेव्हा त्याचा आवाज थरथरत होता. "फुप्पी, आम्ही पहिले होतो. रीत त्यांनी मोडली. तिकीट मीही घेतलंय, परीक्षा मीही दिलीय, जन्मलोय मी इथेच. मग निघायचं आम्हीच का? अब्बा घाबरले, हे तुम्ही तरी खरं सांगा."

शाळेत मधल्या सुटीत रोज माझ्यापुढे असे खटले येतात. नळावर आधी कोण होते, बाकावर दप्तर कुणी ठेवले होते. तिथे मी जो पहिला त्याला उभा करते आणि दुसऱ्याला रांगेत मागे पाठवते. सोपे असते, कारण तिथे मी असते. त्या पाण्यावर बाई नव्हती, आणि पाच माणसांच्या हाताशी भरलेल्या बंदुका होत्या.

म्हणून मी त्याला आधी रीलफूट तलावाबद्दल सांगितले. तो आर्कान्साच्या शेजारच्या टेनेसी राज्यात आहे. १८११-१२ च्या मोठ्या भूकंपांत जमीन खचून तो तयार झाला आणि बदकांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध झाला. जानेवारी २०२१ मध्ये तिथे बदकांच्या शिकारीला गेलेले, पंचविशीतले दोन तरुण गोळ्या लागून मेले. ज्याच्यावर संशय होता तो सत्तर वर्षांचा शिकारी होता. काही दिवसांनी त्याचाही मृतदेह त्याच तलावात सापडला. तीन घरे उजाड झाली. भाचा थोडा वेळ गप्प राहिला. त्याला हे माहीत होते; तिथल्या शिकाऱ्यांना सगळ्यांनाच माहीत असते.

मग मी त्याला मिनाची गोष्ट सांगितली. हजच्या दिवसांत प्रेषितांसाठी (स.) मिनामध्ये सावलीकरिता घर बांधावे का, असे विचारले गेले. त्यांनी नकार दिला. मिना ही जो आधी पोहोचेल त्याच्या मुक्कामाची जागा आहे, असे सांगितले. म्हणजे पहिल्याचा हक्क खरा आहे, बेटा. तू बरोबर होतास. पण तो हक्क त्या दिवसाच्या मुक्कामापुरता आहे. तिथे कुणालाच घर बांधायचे नाही.

हे आपल्याकडेही रोज दिसते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे, जुमाच्या दिवशी पहिल्या सफमध्ये जानमाज पसरून बाहेर गप्पा मारायला जाणारे. तिथल्या पाण्यावरही काहीजण रात्रीच नकली बदके मांडून जागा अडवायला बघतात. म्हणून अनेक ठिकाणी ती रात्रभर पाण्यात ठेवायला मनाई आहे आणि काही राज्यांत शिकारीच्या लपणांसाठी सोडत काढतात. जे सर्वांचे आहे तिथे 'माझी जागा' हे शब्द फार जपून वापरावे लागतात.

"म्हणजे सोडून द्यायचं?" तो म्हणाला.

नाही, मी म्हटले. भांडण सोडायचे, हक्क सोडायचा नाही. मुद्दाम दुसऱ्याच्या शिकारीत अडथळा आणणे हा अमेरिकेत सर्व राज्यांत गुन्हा आहे, हे तुझ्याच अब्बांनी मला सांगितले आहे. होडीवर नोंदणी क्रमांक असतो. वेळ, जागा, क्रमांक आणि काय बोलणे झाले ते लिहून काढ आणि वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याकडे दे. पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच पाण्यावर जा, म्हणजे तुम्ही इथले आहात की नाही हे कुणाला विचारायची गरज पडणार नाही. आणि अब्बांचे म्हणशील, तर ज्या माणसाशी वाद आहे त्याच्याकडे बंदूक ठेवून रिकाम्या हातांनी चालत जाणे घाबरटाला जमत नाही. त्यांच्याबरोबर तू होतास. त्यांना तुला घरी आणायचे होते.

तो पटल्यासारखे काही बोलला नाही. सतरा वर्षांचा मुलगा फोनवर असे कबूल करत नसतो. "अच्छा फुप्पी, सलाम," म्हणून त्याने फोन भावाकडे दिला. भाऊ इतकेच म्हणाला, "आपा, तक्रार लिहायचं माझ्या मनातही नव्हतं. म्हटलं, कशाला? आता लिहू."

वाचकहो, आपल्या घरात बंदूक नाही आणि बदकही नाही. पण पार्किंगची जागा आहे, सोसायटीची गच्ची आहे, टँकरची रांग आहे, कब्रस्तानाच्या कुंपणाला लागून कुणाचे तरी बांधकाम आहे. मुले बघत असतात. आपण तिथे आवाज चढवला तर ते मुले शिकतात, आणि गप्प बसून विसरून गेलो तर तेही शिकतात. वेळ टळल्यावर शांतपणे कागद लिहिणारे अब्बा किंवा अम्मी त्यांना क्वचितच दिसतात.

पंधरा दिवसांनी भाच्याचा निरोप आला. तक्रार दिली होती. अधिकाऱ्याने नोंद घेतली, पुढे काय झाले ते अजून कळलेले नव्हते. ते दोघे पुन्हा त्याच पाण्यावर गेले होते. या वेळी त्यांच्याच झाडांपाशी आधीच कुणीतरी येऊन बसले होते. काळोखातून दोनदा बॅटरी चमकली. भाच्याने स्वतः होडी वळवली आणि दूर एका खराब जागी त्यांनी सकाळ काढली. दुपारपर्यंत एक बदक मिळाले.

अम्मीने हे ऐकून विचारले, "एका बदकासाठी एवढी थंडी? चिकन मिळत नाही का तिथे?"