मैदानाच्या कडेचा दोर

पावसाळा सरता सरता बीदर व कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस येतात. भालकी, औराद, बसवकल्याण येथून आम्हांस पाहुणे म्हणून बोलावणे येते. मराठी आणि कन्नड शाळांची मुले एकाच मैदानावर धावताना पाहणे आम्हांस फार प्रिय आहे. तथापि मांडवात बसलो असता आमची दृष्टी खेळाडूंपेक्षा कडेच्या बालकांकडेच अधिक वळते. ती मातीत बसून टाळ्या पिटत असतात, आणि भाला व ती बालके यांच्यामध्ये पुष्कळदा साधा दोरही नसतो.

ही चिंता अनाठायी नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात भालाफेकीच्या सरावात भाला लागून एक शाळकरी मुलगा दगावला. ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळातील पाला येथे मैदानी स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर शेजारच्या फेकीतला हातोडा आदळला. काही दिवसांनी त्याचेही प्राण गेले.

स्वखुशीने धोका पत्करणाऱ्यास दाद नाही, असे कायद्यात एक जुने तत्त्व आहे. इंग्लंडातील ब्रुकलँड्स येथे शर्यतीची मोटार प्रेक्षकांत शिरली, तरी तेथील न्यायालयाने आयोजकांस दोषी धरले नाही. कारण कठडा पुरेसा होता, व तेवीस वर्षांत तसे कधी घडले नव्हते. परंतु पाचवीतील मुलास तर गुरुजींनीच रांगेने आणून बसविलेले असते. त्याने कोणता धोका स्वखुशीने पत्करला? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. पूर्वी ही मर्यादा दोन वर्षे होती. शिक्षा वाढली, हे खरे. पण न्यायालयाची पायरी अपघातानंतरच येते.

दोर मात्र आधी येऊ शकतो. भाल्याचे क्षेत्र आखण्याची रीत सोपी आहे. फेकरेषेची कमान ज्या वर्तुळाची असते त्याचा केंद्रबिंदू धरून वीस-वीस मीटरांचे दोन दोर पुढे ताणावे आणि त्यांच्या टोकांत दहा मीटर अंतर ठेवावे. त्याच रेषा पुढे वाढवाव्या. बीदरच्या तांबड्या मातीवर चुन्याची रेघ ठसठशीत उमटते. पण ही रेघ मोजणीपुरती. थाळी व हातोड्यास जाळीचा पिंजरा असतो. भाल्यास तो नसतो. म्हणून प्रेक्षकांचा दोर या रेषांपासून बराच दूर असावा. एका वेळी एकच फेक चालावी, भाले आणण्यास गेलेला परतल्यावाचून पुढील नाव पुकारू नये, आणि एका शिक्षकाने खेळाकडे पाठ करून केवळ मुलांवर नजर ठेवावी.

आमच्या वाचकांस यात नवे काही वाटणार नाही. रथोत्सवात चाकाशी लाकडी ठोकळे घेऊन चालणाऱ्यांची नजर देवाच्या मुखाकडे नसते, चाकाकडे असते. त्यांना दर्शन थोडे घडते. पण त्यांच्या जागरूकतेमुळेच इतरांस ते निर्धास्तपणे घडते. यास आपण सेवा म्हणतो. मैदानावरही तीच सेवा हवी.

यंदा ढाली व चषकांसाठी वर्गणी मागावयास शिक्षक आले, तर प्रथम दोराची चार वेटोळी आणि चुन्याचे एक पोते मागून घ्यावे, अशी आमची विनंती राहील. ती वर्गणी आम्ही आनंदाने देऊ.