मातीचे सात मजले

उंच इमारत म्हटली की सिमेंट आणि लोखंडच डोळ्यांपुढे येतं, नाही का? पण येमेन देशात, हद्रमौतच्या खोऱ्यात शिबाम नावाचं एक छोटंसं शहर आहे. तिथली पाच-पाच, सात-सात मजली घरं नुसत्या मातीची आहेत! चिखलात काड मिसळून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, त्यांच्याच भिंती. सर्वांत उंच घर सुमारे ३० मीटर, म्हणजे आपल्याकडच्या नऊ-दहा मजली इमारतीएवढं. १५३२-३३ च्या महापुरात जुनं शहर बरंचसं वाहून गेलं. त्यानंतर जे उभं राहिलं, तेच बहुतांशी आजचं शिबाम. भोवती कोट आणि आत चारशेंहून अधिक घरं, एकमेकांना खेटून. पाश्चात्त्य प्रवासी त्याला वाळवंटातलं मॅनहॅटन म्हणतात. पण मॅनहॅटनला उंच इमारती उठल्या, त्याच्या कितीतरी आधी शिबामच्या बायका सातव्या मजल्यावर धुणं वाळत घालत होत्या.

इतकं उंच बांधायची हौस नव्हती, गरज होती. खोऱ्यात पूर येतो, म्हणून उंचवट्याची जागा धरली. ती मुळातच लहान. भोवतालची जमीन खजुराची आणि धान्याची, तिच्यावर घर बांधणं परवडणारं नव्हतं. शिवाय लुटारू टोळ्यांची भीती. मग आडवं पसरायचं सोडून घरं वर चढत गेली.

घरात शिरलं की तळमजला अंधारा. तिथे धान्याची कोठारं आणि शेळ्यामेंढ्या. त्यावर पुरुषांची बैठक, पाहुणेरावळे तिथंच. त्याच्याही वर बायकामुलांचं राज्य, आणि शेवटी गच्ची. भिंती खाली जाड, वर पातळ होत जातात. दारं-खिडक्या आपल्या बोरीच्या जातीतल्या झाडाच्या लाकडाची, कोरीव. वरच्या मजल्यांवर काही घरांना शेजारच्या घरात उघडणारी दारं आहेत. शत्रू आला तर पळायची सोय, असं म्हणतात. मला मात्र ती विरजण मागायला जायचीच वाट वाटते! पडदा पाळणाऱ्या बायकांना रस्त्यावर न उतरता शेजारी जाता येई. पुरुष प्रवाशांना हे जग दिसणं कठीण. फ्रेया स्टार्क ही इंग्रज प्रवासी बाई १९३५ साली हद्रमौतमध्ये फिरली, तिला घराघरांतल्या बायकांत जाऊन बसता आलं. पुढे ती इतकी आजारी पडली, की शिबामहून तिला विमानानं एडनला न्यावं लागलं.

ही घरं टिकली कशी? माती काही चिवट नाही. पावसाच्या चार जोरदार सरी आल्या तर ती विरघळायचीच. सोलापूर-मराठवाड्याकडच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकायची राहिली, की घरात भांडी मांडत बसावं लागतं! शिबामला गच्चीला आणि वरच्या भिंतींना चुन्याचा गिलावा देतात. चुनखडी भाजायची, भिजवायची आणि काठ्यांनी झोडपत राहायची, तेव्हा कुठे तो पाणी अडवतो. हे काम एकदा करून भागत नाही, पुन:पुन्हा करावं लागतं. पैसा बहुधा परदेशातून येई. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जावा, सिंगापूर, पूर्व आफ्रिका इथे कमवायला जात. आपल्या शेजारी हैदराबादलाही निजामाच्या फौजेत हद्रमी अरब होते. त्यांच्या बराकींवरून तिथल्या एका वस्तीला आजही बारकस म्हणतात.

मग नळ आले. त्याआधी पाण्याचा थेंबन्‌थेंब जिने चढून वर न्यावा लागे, आणि तो कुणाच्या डोक्यावरून जात असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. जुने संडास कोरडे. खाली साठलेलं खत शेताला जाई, भिंतीला ओल लागायचा प्रश्न नसे. घरात नळ आला, न्हाणं-धुणं वाढलं, पण सांडपाण्याची वाट कुणी आधी आखली नव्हती. ओल पायाशी मुरली, भिंती खचू लागल्या. कुणी म्हणेल, जुनंच बरं होतं. असं म्हणणाऱ्याने एक दिवस हंडा घेऊन सात मजले चढावेत. चूक नळाची नाही, गटाराविना नळ देण्याची आहे.

१९८२ साली शिबाम जागतिक वारसा ठरलं. पुढे जर्मन मदतीनं दुरुस्तीचं मोठं काम निघालं. घरमालकांना खर्चाचा काही वाटा मिळे, आणि जुन्या गवंड्यांच्या हाताला काम. २००७ साली त्याला वास्तुकलेचं आगाखान पारितोषिकही मिळालं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००८ मध्ये, पुरानं खोऱ्यातली मातीची घरं मोठ्या संख्येनं पाडली. मार्च २००९ मध्ये शिबामपाशी बाँबस्फोटात कोरियन पर्यटक मारले गेले, पाहुणे यायचे थांबले. त्यामागून यादवी युद्ध. २०१५ साली शिबामचं नाव धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं.

लढाई असो वा नसो, चुना भाजायचा खर्च आणि गवंड्याची मजुरी निघावीच लागते. पाऊस तिथे थोडेच दिवस पडतो. त्याच्या आत गच्ची लिंपून झालेली असली पाहिजे.