हलकी लोकर

लोकर आणि सुया हा विषय आमच्या अधिकारांतला नव्हे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. घरांत विणकाम चाले, परंतु अंगांत स्वेटर घालण्यापलीकडे त्याच्याशीं आमचा संबंध नव्हता. तो संबंध गतवर्षीं कसा वाढला, त्याची ही हकीकत आहे.

आमच्या सौभाग्यवतीनें गेल्या ४० वर्षांत मुलांसाठीं, नातवंडांसाठीं आणि शेजारच्या तान्ह्यांसाठीं किती विणलें याची गणती नाहीं. स्वतःसाठीं मात्र तिनें एकही स्वेटर विणला नव्हता. साताऱ्याची थंडी ती एका जुन्या शालीवर काढी. अलीकडे तिच्या बोटांचे सांधे धरूं लागले आणि खांदा दुखत असल्यामुळें डोक्यावरून घालावयाचें वस्त्र तिला नकोसें झालें. डॉक्टर म्हणाले, "विणा, पण एका वेळीं पाव तासाहून अधिक नको." तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, या खेपेस जें विणावयाचें तें तिच्यासाठींच, आणि तें पुढून उघडणारें हलकें कार्डिगन असावें. १८५४ सालीं बालाक्लाव्हाच्या लढाईंत ब्रिटिश घोडदळ ज्याच्या हुकमतीखालीं तोफांवर चालून गेलें, त्या कार्डिगनच्या सातव्या अर्लवरून या वस्त्राचें नांव पडलें. लढाईशीं आम्हांस कर्तव्य नव्हतें. हात वर न करतां तें अंगांत घालतां येतें, एवढें आम्हांस पुरें होतें.

हलकें पाहिजे म्हणजे सुती घ्यावें, असा आमचा तर्क. पुण्याहून आम्ही जाड सुती धाग्याचे गुंडे घेऊन आलों. मळ दिसूं नये म्हणून रंगही गडद तपकिरी निवडला. सौभाग्यवतीनें वाद घातला नाहीं. तिनें हाताएवढे दोन तुकडे विणले, एक आमच्या सुताचा व दुसरा घरांत उरलेल्या बारीक लोकरीचा, आणि ते स्वयंपाकघरांतील काट्यावर ठेवले. लांबी-रुंदी सारखी असूनही सुती तुकडा बराच जड भरला.

"अहो, लोकरीचा केस मुळांतच नागमोडी असतो," ती म्हणाली. "त्याच्यामध्यें हवा राहते. ऊब त्या हवेची, आणि हवेला वजन कुठलें? सुताला ताणल्यावर मागें येणें ठाऊक नाहीं. चार महिन्यांत खांदे कोपराशीं येतील. शिवाय या काळपट रंगावर मला रात्रीं टाका दिसायचा नाहीं."

मोतीबिंदूची गोष्ट आमच्या ध्यानांतच आली नव्हती. मळाचा विचार केला, विणणारीच्या डोळ्यांचा केला नाहीं. दुकानदार भला होता. त्यानें गुंडे परत घेतले.

आमच्या बालपणीं लोकर म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीचा केस जाड, तो अंगास टोंचे. म्हणून सगळीच लोकर टोंचते अशी आमची समजूत. मेरिनो मेंढीचा केस साधारणपणें २४ मायक्रॉनांहून बारीक असतो, त्यामुळें तो बोंचत नाहीं. तसलीच फिकट दुधी रंगाची चारपेडी लोकर घेतली. संस्कृतांत 'गुण' म्हणजे दोराचा पेडही होय, आणि 'द्विगुण', 'त्रिगुण' हे शब्द पेडांसही लागू पडतात, हें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. पण पेड बोटांनीं उलगडून मोजण्याची वेळ त्या दुकानांत प्रथम आली. १०० ग्रॅमच्या लडींत ४०० मीटर धागा होता. साडेतीन लडी लागतील असा हिशेब निघाला, तेव्हां चार घेतल्या, आणि चारही एकाच लॉटच्या आहेत हें चिठ्ठ्यांवर पाहून घेतलें. निराळ्या लॉटचा रंग दुकानांत सारखा भासतो. उन्हांत गेल्यावर बाही वेगळी दिसते.

नमुन्याविषयीं आमचें मन जाळीच्या विणीकडे ओढत होतें. परंतु जाळीस प्रत्येक ओळींत लक्ष लागतें, आणि पाव तासाच्या बैठकींत तें साधत नाहीं. म्हणून अंगभर साधी सुलट वीण आणि पुढच्या पट्ट्यांलगत जाळीची एक अरुंद ओळ, असें ठरलें. गळ्यापासून खालीं सलग विणण्याची रीतही चांगली, पण तींत सगळा भार हातीं येत जातो. पाठ, दोन पुढे, दोन बाह्या असे पांच तुकडे निरनिराळे विणल्यास हातांत कधींच फार ओझें राहत नाहीं.

मग नमुन्याची चौकट. ३.५ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटिमीटरांत २६ टाके आले. पाहिजे होते २८. दोन टाक्यांनीं काय होतें, असें आम्हीं विचारलें. "तुम्हीच गणित करा ना," उत्तर मिळालें. घेर १०० सेंटिमीटरांचा, म्हणजे टाके २८०. तेच २८० टाके २६ च्या मापानें विणले, तर घेर जवळजवळ १०८ होतो! सुया ३.२५ च्या घेतल्या, चौकट धुऊन वाळविली आणि मगच पुन्हां मोजली. कारण धुतल्यावर लोकर आपला आकार बदलते.

पाठ व दोन्ही पुढे दिवाळीपर्यंत झाले. मार्गशीर्षांत थंडी पडली आणि बोटें वळेनाशीं झालीं. एके संध्याकाळीं तिनें सुया खालीं ठेवल्या व बराच वेळ उचलल्या नाहींत. शेवटीं आम्हींच म्हटलें, "बाह्या आम्हांस शिकव." ती हंसली; पण शिकविलें. प्रथम तिनें आमच्याकडून चौकटच विणवून घेतली. तिच्याच सुयांवर, त्याच लोकरीचे, आमचे टाके ३० आले. आमचा हात आवळ, आम्हांस ३.५ च्या सुया लागल्या. चौकट लोकरीचें माप सांगते असें आम्ही समजत होतों; ती हाताचेंही सांगते.

दोन बाह्यांस आम्हांस सात आठवडे लागले. माघांत ती तें कार्डिगन घालून प्रथम फिरावयास आली. शाल घरीं राहिली. डाव्या बाहीवर कोपराशीं एक टाका उलट पडला आहे. तो उसवून नीट करूं असें आम्हीं दोनदां सुचविलें. तिनें उसवूं दिला नाहीं.