करडी, तोळ आणि आपण

बेलूर म्हटलं की पाहुण्यांना हळेबीडजवळचं शिल्पांचं बेलूर आठवतं. आमचं बेलूर मात्र धारवाड-बेळगाव महामार्गालगतचं, कारखान्यांच्या शेडचं. इथून हुबळीमार्गे गदगकडे निघालं की झाडी मागे पडते, काळी रानं लागतात आणि कोप्पळपुढे धोंड्यांचे डोंगर सुरू होतात. हंपीला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांची ही नेहमीची वाट. याच टापूत करडी आणि तोळ, म्हणजे अस्वल आणि लांडगा, नांदतात. आमच्याकडे ‘करडी बघायला जाऊ’ म्हटलं, की मराठी माहेरची मंडळी विचारतात, ‘तेलबिया बघायला एवढ्या लांब?’

अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे पुन्हा आणून सोडले. तिथं लांडग्यांनी हरीण मारावं आणि मोठ्या अस्वलानं येऊन त्यावर हक्क सांगावा, हे नेहमीचंच झालं. आपल्याकडे असं भांडण सहसा का होत नाही? कारण दोघांची पानं वेगळी. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी अक्षरशः ओढून घेतं. वर मध आणि रानफळं. लांडग्याला हवं काळवीट, ससा, नाहीतर कळपातलं कोकरू. एकत्र येतील तर बोरीखालीच, कारण पिकलेली बोरं लांडगाही खातो.

हंपीजवळचं दरोजी अस्वल अभयारण्य १९९४ सालचं. दुपारनंतर वनखात्याची माणसं खडकांना गुळाचा लेप लावतात आणि मनोऱ्यावरून उतरती अस्वलं दिसतात. पोरं टाळ्या वाजवू पाहतात, त्यांना आवरावं लागतं. लांडग्यांसाठीचं बंकापूर गंगावती तालुक्यात, अवघं ३३२ एकरांचं. हावेरीकडचं मोरांचं बंकापूर वेगळं.

त्या वाटेवर भेटलेला एक कुरुब धनगर मला म्हणाला, ‘सर, तोळ वर्षाला दोन-चार पिल्लं नेतो. पण माळच राहिला नाही, तर मीही नाही आणि तोही नाही.’

त्याचं म्हणणं पटतं. डोंगर फोडले की अस्वलाची कपार आणि वारूळ जातं, मग ते शेतात उतरतं. माळ नांगरला की काळवीट जातं, मग लांडगा मेंढवाड्याकडे वळतो. या दोघांचं आपसांत भांडण नाही. दोघांच्या पानातलं आपण उचललं आहे. पुढच्या खेपेला हंपीला जाल, तेव्हा एक दुपार दरोजीसाठी राखून ठेवा आणि मुलांना हेही सांगा.