छत्तिसावी ओळ, तिसरी फरशी

आमचे अब्बा फरशी बसवणारे मिस्त्री. घरात आम्ही सगळे दखनी बोलतो, पण अब्बांच्या धंद्याची भाषा मराठी. गुण्या, ओळंबा, थापी, सूत हे शब्द ते पोरवयात एका मराठी मिस्त्रीच्या हाताखाली शिकले आणि त्यांना दखनीत दुसरे शब्द असतात हे त्यांच्या मनातही कधी आलं नाही. अम्मीशी भांडायचे दखनीत आणि बिगाऱ्यावर ओरडायचे मराठीत. आम्हा दोघी बहिणींना त्यामुळे लहानपणी वाटायचं, की मराठी ही कामाची भाषा आहे.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीची फरशी त्यांनी १९८४ साली बसवली. आठ इंची सिमेंटची नक्षीची फरशी होती ती. लोखंडी साच्यात रंगाचे कप्पे भरायचे, वर सिमेंट ओतायचं, दाबयंत्राखाली दाबायचं आणि मग पाण्यात मुरवायचं. भट्टी नाही की जाळ नाही. अशा एका फरशीवर पाहिलं तर काही धड दिसत नाही, एका कोपऱ्यात चांदणीचा चतकोर तुकडा आणि बाकी वेलबुट्टी. चार फरश्या नीट फिरवून जोडल्या की मधोमध आठ टोकांची चांदणी उमटते. दोन चौरस, एक सरळ आणि दुसरा पंचेचाळीस अंशांनी फिरवून त्यावर ठेवलेला. सौदीत छापलेल्या कुराणशरीफात भाग दाखवायला जी खूण असते, तीच ही.

दहा वर्षांच्या होईपर्यंत आम्ही त्या फरशीवर बसून अरबी शिकलो. सबक पाठ नसला की मान खाली जायची आणि नजरेला चांदण्याच चांदण्या. पुढे आम्ही मोठ्या झालो आणि ती फरशी दारातूनच दिसू लागली, इफ्तारीचं ताट द्यायला गेलं की तेवढी.

२०१६ साली मशीद नव्यानं बांधायचं ठरलं. कमिटीचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. जमात वाढली होती, भिंतींना ओल होती, फरशीला भेगा गेल्या होत्या. नवी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल एका फडक्यात पुसून निघते. फक्त एवढंच, की फरशी फोडली त्या दिवशी अब्बांना कुणी सांगितलं नाही. ते असरला गेले तेव्हा चांदण्यांचा राडारोडा ट्रॅक्टरमध्ये भरून झाला होता. घरी येऊन ते काही बोलले नाहीत. एक तुकडा तरी आणायचा, असं अम्मी म्हणाली तर म्हणाले, तुकड्याचं काय करायचं?

आमच्यातली धाकटी हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवते. मुलांना लूप शिकवायला तिनं कासवाचा प्रोग्राम घेतला होता. पडद्यावर एक कासव असतं, 'पुढे जा' म्हटलं की रेघ ओढत जातं, 'वळ' म्हटलं की वळतं. पुढे जा, नव्वद अंश वळ, असं चार वेळा केलं की चौरस. पण चार वेळा लिहायचं नाही, एकदाच लिहायचं आणि 'चारदा कर' म्हणायचं. तेच लूप. थोरलीला हे समजावताना धाकटीनं नमाजचा दाखला दिला. चार रकाती हे बाहेरचं लूप, प्रत्येक रकातीत दोन सजदे हे आतलं. सजदे आठ होतात, पण शिकवताना आठ कुणी मोजून सांगत नाही. थोरली म्हणाली, मग एवढं सोपं आहे तर अब्बांची फरशी काढ की.

साधन एकच होतं, चुलतभावाच्या निकाहचा फोटो. त्यात काजीसाहेबांच्या गुडघ्यापाशी अडीच फरश्या दिसत होत्या. अडीच पुरल्या. ओळींचं एक लूप, त्याच्या पोटात रकान्यांचं दुसरं. ओळीचा आणि रकान्याचा आकडा सम की विषम, एवढंच विचारायचं. दोन्ही सम असतील तर फरशी सरळ, तिच्या उजवीकडची नव्वद अंश फिरवलेली, त्याखालची एकशे ऐंशी, त्याच्या डावीकडची दोनशे सत्तर. दहा-बारा ओळींचा प्रोग्राम आणि क्षणात एकवीसशे साठ फरश्या पडद्यावर. अब्बांना त्याच कामाला दोन गड्यांसह किती दिवस लागले असतील, या विचारानं आम्हाला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

अब्बांचा उजवा हात आता चालत नाही, नजर मात्र शाबूत आहे. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "कोपऱ्यातून सुरुवात केली का?"

केली होती. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो आणि त्याचं शून्य आम्ही डाव्या कोपऱ्यात ठेवलं होतं.

"हॉल चाळीस फूट पाच इंच होता. तुमच्या उजव्या भिंतीला पाच इंचांची पट्टी राहिली बघा. मधून दोरी मारायची. अडीच इंच इकडे, अडीच तिकडे. भिंती कधीच खऱ्या नसतात, मध्य खरा असतो." मग त्यांनी सुताचा हिशेब सांगितला. इंचाचे आठ सूत. दर फरशीमागे एक सूत चुकलं तर आठ फरश्यांना इंच जातो आणि साठ फरश्यांना साडेसात. चूक एकाच जागी राहत नाही, ओळीबरोबर चालत जाते. धाकटी हसायला लागली. हेच ती वर्गात दशांश अपूर्णांक गोल करण्याबद्दल सांगते.

आपल्याकडे ईद-मिलनच्या व्याख्यानांत अल्-ख्वारिज्मींचं नाव हमखास येतं, आणि ते खरंच आहे, अल्गोरिदम हा शब्द त्यांच्या नावावरूनच आला. अबुल वफा बूजजानी यांनी दहाव्या शतकात कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर पुस्तक लिहिलं, हे मात्र क्वचित कुणी सांगतं. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशा नमुन्यांची एक लांबलचक गुंडाळी जपून ठेवली आहे, शंभरावर नक्ष्या असलेली. पुष्कळ ठिकाणी नक्षीचा पुरता विस्तार नाही, पुन्हा पुन्हा उमटवायचा तेवढा तुकडाच काढलेला. पुढचं मिस्त्रीला कळतं, असा त्या कागदाचा विश्वास. अल्हम्ब्राचा अभिमान आम्हालाही आहे. पण अल्हम्ब्राचा फोटो भिंतीवर लावणाऱ्यांनी पायाखालीही बघावं, असं कधी कधी वाटतं.

सुरुवात मध्यावर नेली, कडेच्या फरश्या कापल्या. अब्बा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण ही ती फरशी नाही."

आम्ही विचारलं, रंग चुकला का?

"शेवटच्या सफीत, चपलांच्या दाराशी. मेहराबकडून छत्तिसावी ओळ, डावीकडून, भिंतीचा तुकडा सोडून, तिसरी फरशी. ती उलटी बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तरावीह होती, रात्री बत्तीच्या उजेडात संपवलं. सकाळी दिसलं तोवर सिमेंटनं धरलं होतं."

थोरलीनं विचारलं, म्हणजे कारागीर मुद्दाम एक चूक ठेवतात म्हणतात ते?

"मुद्दाम कोण ठेवतो? झाली."

अब्बा इतकी वर्षं शेवटच्या सफीत उभे राहायचे. पुढे या म्हणून लोक ओढायचे, पहिल्या सफीचा सवाब जास्त. आम्हाला तो त्यांचा नम्रपणा वाटायचा. एकदा आम्ही दोघींनी मैत्रिणींजवळ त्याची फुशारकीही मारली होती. बत्तीस वर्षं त्यांचा डावा पाय त्या फरशीवर होता.

धाकटीनं प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. ओळ पस्तीस आणि रकाना दोन असेल तर फरशी आणखी एकशे ऐंशी अंश फिरव. छत्तिसाचे पस्तीस कसे झाले, म्हणून अब्बांनी हटकलं. यंत्र शून्यापासून मोजतं, हे त्यांना काही पटलं नाही. पण चित्र पुन्हा उमटलं तेव्हा ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि डाव्या हाताच्या बोटानं पडद्यावर, त्या मोडलेल्या चांदणीपाशी, जरा वेळ टेकून राहिले.