गुऱ्हाळातला नेम

आमच्या पंचगंगाकाठच्या गावाला नेम काही नवा नव्हता. शाळूच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकणारी माणसं आम्ही. बंदूक मात्र जत्रेत फुगे फोडण्यापुरतीच.

२०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं म्युनिकला जागतिक अजिंक्यपद जिंकलं. पेपरात फोटो आला आणि आमच्या तात्यांच्या डोक्यात किडा वळवळला. तात्या फौजेतून सुभेदार होऊन आलेले. पेन्शनीतून त्यांनी एक एअर रायफल आणली आणि आमचं बंद पडलेलं गुऱ्हाळ मागितलं. आबा म्हणाले, "घे की. समदा ऊस कारखान्याला जातोय. कुणाला पायजे ते?"

चुलवाण बुजवलं, दहा मीटर मोजून रेघ मारली, पलीकडं फळ्या ठोकल्या. कार्ड पुढं-मागं न्यायला सायकलच्या रिमवर दोरी. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! तात्या सांगायचे, "बंदूक ताकदीनं न्हाई, हाडांवर तोलायची. दम अर्धा सोडायचा, मग घोडा."

पहिल्या महिन्यात वीस पोरं आली. धडाम्‌ आवाज नाही, पळापळ नाही, कंटाळून गेली. राहिल्या चार मुली, त्यात माझी धाकटी बहीण. पारावर लोक हसायचे, "सासरला बंदूक घिऊन जाणार काय गं?" फी कुणाला परवडणार? तात्यांनी तोड काढली. ज्याची मुलगी येईल त्यानं आठवड्यातून एक वेळचं दूध डेअरीत क्लबच्या नावावर घालायचं. त्यावर छर्रे यायचे.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. ट्रॉलीत म्हशीची रेडकं, म्हातारी माणसं, भाताची पोती. तात्यांची रायफलची ट्रंक आली तेव्हा जागाच उरली नव्हती. बहीण काही बोलली नाही, ट्रंकेचं कडं धरून पाण्यात उभी राहिली. आबांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि एक पोतं खाली ढकललं. "भात पुढच्या साली बी येतंय," एवढंच म्हणाले.

पाणी ओसरलं तेव्हा गुऱ्हाळाची मागची भिंत बसली होती. ती उभी करायला विटा आणल्या त्या पारावरच्याच लोकांनी.

पुढं तात्या गेले. बहिणीचं सासर दोन कोसांवर. ती दर रविवारी गाडीवरून येते, पोरांना शिकवते. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा गुऱ्हाळात उभं राहायला जागा नव्हती. बहिणीनं मला हळूच सांगितलं, "दादा, महिन्यानं मोज."

महिन्यानं मोजली. अकरा होती. एवढ्यांना छर्रे पुरवायचे म्हणजे दूध वाढवावं लागणार होतं. आमच्या घरचं आधी आबांनीच वाढवलं.