दहाची नोट

दिवाळीच्या सुट्टीत हिला म्हटलं, चल, चोपडा दाखवतो. पुण्याची बाई, लग्नापासून तापी, सातपुडा अन् केळीचे मळे ऐकून ऐकून कंटाळलेली. जळगावहून एसटीत बसलो. विदगावच्या पुलावर तापी आली तशी तिला खिडकी दिली.

आमचं भाड्याचं घर सापडायला वेळ लागला. अंगण केवढं म्हणून सांगत आलो होतो! दोन खाटा टाकल्या की संपलं. "अहो, हेच का ते?" ही हसली.

घरमालकीण आजी ऐंशीपार. नाव सांगताच म्हणाली, "कथा व्हता रे भाऊ इतला दिन?" पुढ्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. ज्वारीत उडीद दळलेली ती काळपट भाकरी बघून ही आधी बिचकली, मग दोन खाल्ल्या.

बोलता बोलता आजीनं सांगितलं. 1979 मध्ये वडिलांचं जिनिंगमधलं काम सुटलं, आम्ही गाव सोडलं, तेव्हा सात महिन्यांचं भाडं थकलेलं होतं. आईनं ते दहा-दहा रुपयांच्या मनिऑर्डरीनं फेडलं.

आई दर महिन्याला पोस्टात जायची. आम्हाला वाटे, मामाला पाठवते. माझी फी अडली तेव्हा मी तिला त्यावरून वाट्टेल ते बोललो होतो. ती गप्प राहिली. गेलीही तशीच.

निघताना आजीनं हिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, वर दहाची नोट. "एक जास्तीची आली होती माय. तुझ्या सासूची आहे."

येताना अडावदला उतरून उनपदेवचे गरम झरे बघायचं ठरलं होतं. उतरलो नाही. जळगाव येईतो हिनं ती नोट हातातच धरली होती.